कुंड्या रिकाम्या नव्हत्या मॅडम, झोपलेल्या होत्या

नमस्कार मॅडम, आमच्या झाडांच्या बागेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय, चौघांचे 800 रुपये घेऊन वाळक्या काड्या आणि मातीच्या रिकाम्या कुंड्या दाखवल्या, झाडांना पाणीसुद्धा घालत नाहीत, मालक उद्धट, पोराच्या अंगावर ओरडले, पैसे देते म्हणलं तरी एक रोप दिलं नाही, म्हणून 1 स्टार. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं पण बायको म्हणाली लिहा, नाहीतर आठवडाभर मलाच ऐकवत बसाल.

आधी आमची चूक. तुम्ही आलात मे महिन्यात. फोन भाच्यानं घेतला आणि "या की" म्हणून मोकळा झाला, मेमध्ये आमच्याकडं बघण्यासारखं फारसं नसतं हे तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. पुण्याहून उन्हातनं वाईच्या पुढं एवढ्या लांब येऊन माती बघायची म्हणजे डोकं फिरणारच. पैसे ज्या नंबरवरनं आले त्यावरच परत पाठवलेत, बघून घ्या. मार्च ते मे आता बुकिंग घेणार नाही, पाटीही लावलीय. बाथरूमबद्दल लिहिलंय तेही बरोबर आहे, काम काढलंय.

पण रिकाम्या कुंड्या म्हणालात ते काय पटलं नाही बुवा. शेडनेटखालच्या कुंड्यांत कंदीलपुष्प आहेत, आमच्याकडं खरपुडी म्हणतात. पावसाळा संपला की वरचा वेल वाळून जातो आणि कंद जमिनीत गप पडून राहतो ते पुढचा पाऊस येईपर्यंत. फूल खरंच कंदिलासारखं, खाली फुगीर आणि वर नळी, नळीच्या आत खाली वळलेले केस. बारीक माशी वासानं आत शिरते आणि केसांमुळं वर येता येत नाही, मग फूल म्हातारं झालं की केस मऊ पडतात आणि ती परागकण घेऊन सुटते, मारत नाही हं तिला. हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात बघायचं. यातल्या काही जाती सह्याद्री सोडून जगात कुठंच नाहीत, आणि कंद गोड लागतो म्हणून गुराखी उकरून खातात, त्यात डोंगरावर वणवे, चराई, रस्ते. माझे कंद बियांपासून वाढवलेत, डोंगरातनं उपटून आणलेले नाहीत. अशी धोक्यातली झाडं म्हणून विकत देत नाही, राग मानू नका.

वाळक्या काड्या म्हणालात ती शिंदळ माकुडी. शिवनेरी, पुरंदरच्या कड्यांवर सापडते, डॅल्झेल नावाच्या साहेबानं ती शोधली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव दिलं. हिच्या गोतावळ्यात बाकीच्यांना धड पानं नसतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. काडी लावली की सहज लागते, त्यामुळं ही मी तुम्हाला फुकट देत होतो, आठवतंय का? तुम्हीच म्हणालात "ही वाळकी काडी नको". असो.

आता ओरडण्याचं. ओरडलो, कबूल. चिरंजीव खाजकुइलीच्या शेंगेला हात घालत होते आणि मी वीस फुटांवर. ती काय दुर्मिळ नाही, पण शाळेच्या सहली येतात म्हणून मुद्दाम ठेवलीय, शेंगेवरची ती मखमल दिसते छान पण हाताला लागली की तासभर पोरगं थयथयाट करतं आणि चोळलं की आणखी पसरते. "बाळा, कृपया" म्हणायला वेळ नव्हता. पाटी मात्र लहान होती, मोठी करतो.

आणि पाणी. मी पुढं गेल्यावर तुमच्या साहेबांनी दया येऊन बाटलीभर पाणी खरपुडीच्या एका कुंडीत ओतलं, नंतर ओली माती बघून कळलं. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे कुजायची हमी, म्हणूनच आम्ही घालत नाही, आणि नेमकी ती चार वर्षांची, गेल्या साली पहिल्यांदा फुललेली. साहेबांवर राग नाही, मन चांगलं आहे त्यांचं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

कुंडी बाजूला काढून माती बदललीय, कंद दाबून बघितला, एका बाजूला मऊ लागतोय, तेवढा कापून राख लावलीय. जूनमध्ये कोंब आला तर फोटो इथंच टाकतो.