खुर्चीला झ्याक, इंजिनाला न्हाई

साडेतीन लिटर तेलाचे पैसे मी मोजले आणि त्यातलं थोडं एका लोखंडी घडीच्या खुर्चीच्या बिजागरीत गेलं. खुर्ची माझी नव्हती. तिच्यावर बसलेले आबाही माझे कुणी नव्हते. बिल मात्र माझ्या नावावर फाटलं आणि दुकानदार वर म्हणाला, "सील तुटलंय साहेब, आता परत कसं घेणार?"

सील मी तोडलं नव्हतं हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

झालं होतं ते असं. गाडी हायब्रिड. इंजिन ऑइल बदलायची वेळ आलेली. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात स्वच्छ छापलंय, ०डब्ल्यू-१६ या पातळ ग्रेडचं तेल घाला. सर्व्हिस सेंटरातला पोरगा म्हणाला, "सर, ते स्टॉकला नाही. ड्रमला ५डब्ल्यू-३० आहे, तेच टाकतो. सगळ्यांना तेच जातं." मी पुस्तक उघडून पान पुढे केलं. त्यानं पान न बघता माझ्याकडे बघितलं. "मग बाहेरून आणून द्या, टाकून देतो," म्हणाला. म्हणजे यांच्याच कंपनीनं सांगितलेलं तेल यांच्याच दारात मिळत नाही, आणि ते शोधत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर वणवण मी करायची.

दोन-तीन दुकानांनी तर नावच ऐकून घेतलं नाही. एकानं २०डब्ल्यू-४० चा डबा काउंटरवर आपटला आणि "घ्या, ट्रॅक्टरबी ह्यावरच पळतोय" एवढंच म्हणाला. शेवटी एका दुकानात वरच्या फळीवर, फॅन बेल्टांच्या मागे, धूळ खात पडलेला एकुलता एक डबा निघाला. कुणीतरी मागवला होता आणि न्यायलाच आला नव्हता. मला भरून आलं. दुकानदारानं फडक्यानं डबा पुसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत आत गेला. डबा काउंटरवर, मी काउंटरपुढे, आणि बाजूला त्या कुरकुरणाऱ्या खुर्चीवर आबा.

डोक्यावर टोपी, खिशाला चष्म्याची डबी, मांडीवर छत्री. उन्हात छत्री बाळगणारा माणूस फार विचार करणारा असतो असा माझा अनुभव आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन जमाना झाला, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

"पावणं, गाडी कंची?"

"हायब्रिड आहे."

"म्हंजी डिझेल का पेट्रोल?"

"पेट्रोल. आणि बॅटरीपण."

"चार्जिंगला कुटं लावता?"

"लावायची नसते. चालता चालता आपली आपण चार्ज होते."

आबांनी आत दुकानदाराकडे नजर टाकली. त्यानं फोन कानाला लावूनच मान हलवली. ती कुणासाठी हलवली कोण जाणे, पण आबांनी ती आपल्या खात्यात जमा केली.

"मग इंजिन हाय का न्हाई?"

"आहे की."

"चालतं?"

"मधनंमधनं."

"कवा?"

"गाडीला गरज वाटेल तेव्हा."

"म्हंजी घरजावई म्हना," आबा म्हणाले. "खाऊनपिऊन घरात, आन काम मनात आलं तर."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण त्यानंतर आबांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. खुर्ची कर्रकन वाजली. त्यांनी डबा मांडीवर घेतला, चष्मा चढवला.

"झीरो डब्ल्यू सोळा. आवं, सोळा म्हंजी काय तेल हाय व्हय? आमच्या डेपोत चाळिसाच्या खाली कोन बोलायचं न्हाई."

मी समजावायला लागलो. पहिला आकडा थंड इंजिन सुरू होताना तेल किती चटकन पळतं त्याचा, डब्ल्यू हिवाळ्याचा, आणि पुढचा सोळा तेल शंभर अंशांना तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा.

"हिवाळ्याचं तेल," आबा म्हणाले. "आन आता चैत चाललाय."

"तसं नाही आबा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंडच असते, चैत असो नाहीतर पौष."

"ऱ्हायलं. आन शंभर अंशाला घट्ट चांगलं का पातळ?"

"बाहेर ऊन किती आहे त्यावर ते नसतं. इंजिनाला थर्मोस्टॅट असतो. इंजिन साताऱ्यात असो की सिमल्यात, ते आपल्या ठरलेल्या तापमानालाच चालतं."

"आमची गाडी खंबाटकीत तापायची," आबा शांतपणे म्हणाले. "तिला ह्ये कुनी सांगितलं नव्हतं."

आता यावर काय बोलणार? तोवर त्यांचं बोट डब्यावरच्या एका चिन्हावर आलं. ती ढाल होती. २०२० साली इंजिन ऑइलची नवी मानकं आली, त्यात ०डब्ल्यू-१६ साठी जीएफ-६बी हा वेगळा गट केला आणि त्याला हे ढालीचं चिन्ह दिलं. त्या मानकांतल्या बाकीच्या तेलांना नेहमीचं चांदणीसारखं चिन्ह, म्हणजे एकाच्या जागी चुकून दुसरं जाऊ नये. हे मी बाहेरच्या ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून सांगितलं.

"ढाल हाय," आबा म्हणाले. "तलवार कुटाय?"

आणि मी त्या प्रश्नात अडकलेलो असतानाच त्यांनी झाकण फिरवलं. खिशातली घराची किल्ली काढली. आतल्या चंदेरी पापुद्र्यात खुपसली. "आवो, आवो," म्हणेस्तोवर करंगळी आत जाऊन बाहेरसुद्धा आली होती. अंगठा आणि करंगळीत तेल घासून त्यांनी ते उजेडाला धरलं. मध आणि तूप यांच्या मधल्या रंगाचा एक थेंब मनगटाकडे निघाला.

"तार सुटंना," त्यांनी निकाल दिला. "पानी हाय."

मग उठले, झाकणात थोडं तेल ओतलं आणि खुर्चीच्या दोन्ही बिजागऱ्यांना सोडलं. खुर्ची उघडली, मिटली, उघडली. बसले. आवाज नाही. पुढे झुकले, मागे रेलले. तरी नाही.

"वंगाळ न्हाई. खुर्चीला झ्याक हाय. इंजिनाला न्हाई चालायचं."

दुकानदार फोन ठेवून आला तो नेमका इथे. पुढचं सांगितलंच आहे.

आता आबांना माफ करून टाकीन, कारण तेल घट्ट तेवढं चांगलं ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. चाळीसचं तेल शंभर अंशांना सोळाच्या जवळपास दुप्पट घट्ट असतं, हे खरंच आहे. पण माझ्या गाडीचा तेलपंप, बेअरिंगमधल्या फटी, व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी तेलाच्या दाबावरची यंत्रणा, सगळं पातळ तेल धरून केलेलं. घट्ट तेल ढवळण्यात ताकद जाते, मायलेज पडतं. आणि हायब्रिडमध्ये इंजिन घडीघडीला बंद-चालू होतं, प्रत्येक वेळी तेलानं झटकन वर पोचायला हवं. अर्थात कंपनीही काही माझ्या प्रेमापोटी पातळ तेल सांगत नाही. गाड्यांच्या सरासरी इंधनवापराचे सरकारी नियम २०१७ पासून आलेत, तिथे थेंबाथेंबाचा हिशेब लागतो. वाचलेला थेंब कंपनीच्या कागदावर दिसतो. तेल हुडकायला लागतं ते मला.

या गाडीचं आणखी एक दुखणं म्हणजे तिचा आवाज येत नाही. मोती चौकात माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून सोयरिकी ठरवत असतात. मी त्यांच्या पाठीशी मुकाट उभा. हॉर्न दिला तर "केवढ्यांदा दचकवलंत" म्हणून बोलणी बसतात, न दिला तर संध्याकाळ होते. पार्किंगवाला तर दरवेळी धावत येतो आणि सांगतो, "साहेब, गाडी बंद पडली." ढकलायलाही तयार असतो बिचारा.

आणि फुलांच्या दिवसांत कासहून येताना यवतेश्वरचा घाट लागतो. उतारभर इंजिनात पेट्रोल जळत नाही, मोटर उलटी फिरून बॅटरी भरते, आणि बॅटरी काठोकाठ भरली की मग गाडी इंजिनाला नुसतंच फिरवून ब्रेकसारखं वापरते. किलोमीटर मात्र सगळे मोजले जातात. म्हणजे घरजावई झोपलेला असताना झालेला प्रवासही त्याच्याच हजेरीत. म्हणून कुणी म्हणतं, हायब्रिडचं तेल जास्त टिकणार. वाटतं तसं, पण गावातल्या गावात फिरताना इंजिन पुरतं तापतच नाही. जरा चालतं, जरा थांबतं. तेलात उतरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला जो ताप लागतो तो मिळत नाही. म्हणून पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. माझ्यासारख्या राजवाडा ते पोवई नाका माणसाचं वर्षच आधी येतं.

इथपर्यंत ठीक. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. वापर खडतर असेल तर निम्म्या अंतरावर बदला. खडतर म्हणजे काय? धुळीचे रस्ते. छोट्या छोट्या फेऱ्या. जड ओझं. बराच वेळ उभ्या जागी चालू इंजिन. मला या देशातला एक माणूस दाखवा जो यात बसत नाही. मग सरळ पाच हजार छापा की! दहा हजार जाहिरातीत दाखवायचे आणि पाच हजारांचं बिल बारीक अक्षरांतून काढायचं, आणि आपण खडतर आहोत की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याच्या खिशात बिल जाणार तो.

तो डबा घेऊन मी सर्व्हिस सेंटरात परत आलो. पोरानं फुटका पापुद्रा बघितला.

"सर, हे तर उघडलेलं आहे."

"आबांनी उघडलं."

"कोण आबा?"

मी विषय वाढवला नाही. त्यानं आत जाऊन कुणालातरी विचारलं आणि एक छापील कागद आणला. ग्राहकाने बाहेरून आणलेले तेल वापरल्याने इंजिनास काही झाल्यास जबाबदारी ग्राहकाची राहील. खाली सही.

"अरे बाळा, तुमच्याच कंपनीचं पुस्तक हे तेल सांगतंय. तुम्ही ड्रममधलं दुसरं टाकलं असतं तर?"

"मग सर आमची जबाबदारी."

सही केली. गाडी बाहेर आली तेव्हा दाराच्या आतल्या कडेला पिवळा स्टिकर लावलेला होता. पुढील ऑइल चेंज, आताच्या आकड्यात बरोबर पाच हजार मिळवून. ऑइल ग्रेडच्या रकान्यात बॉलपेननं लिहिलं होतं, 'रेग्युलर'. आणि बिलात साडेतीन लिटर भरल्याची मजुरी लावली होती, खुर्चीचं वजा न करता.