अमेरिकेचा दाखला जरा जपून

जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने कुलगुरूंच्या नेमणुकीचा नवा मसुदा काढला. उद्योग, प्रशासन किंवा धोरणाच्या क्षेत्रात वरच्या पदावर दहा वर्षं काढलेला माणूसही कुलगुरू होऊ शकेल, असं त्यात होतं. राज्यं चिडली, प्राध्यापक चिडले, ते साहजिकच होतं. डोकं फिरलं ते दोन्ही बाजूंनी अमेरिकेला साक्षीला उभं केल्यामुळे. मसुद्याच्या बाजूचे म्हणतात, "तिकडे उद्योगपती आणि राजकारणी विद्यापीठं चालवतात, म्हणून ती पुढे आहेत." विरोधातले म्हणतात, "तिकडचं सरकार विद्यापीठात नाक खुपसत नाही." फ्लोरिडात राहणाऱ्याला पहिल्या वाक्याचा राग येतो आणि दुसऱ्याचं हसू.

सारासोटाचं न्यू कॉलेज घ्या. टमायामी ट्रेल ह्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं, विमानतळाला खेटून. सर्कसवाल्या रिंगलिंग बंधूंपैकी चार्ल्सचा खाडीकाठचा वाडा म्हणजे तिथला कॉलेज हॉल. 1960 मध्ये खासगी म्हणून स्थापना, 1975 मध्ये पैशाची ओढाताण झाल्यावर सरकारी छत्राखाली, 2001 पासून स्वतंत्र. 2022 मध्ये विद्यार्थी जेमतेम 700. साहित्य, तत्त्वज्ञान, सागरी जीवशास्त्र, गणित असं सगळं शिकवणारं सरकारी कॉलेज, आणि गुणपत्रिका नाही! प्राध्यापक प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल परिच्छेद लिहून देतो. दर सत्राला विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक करार करतात. असे सात करार, जानेवारीतले तीन स्वतंत्र प्रकल्प, शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा, तेव्हा पदवी. राज्यातल्या मुलाला वर्षाची फी सुमारे 7,000 डॉलर, आणि ब्राइट फ्युचर्स ही राज्याची शिष्यवृत्ती असेल तर तीही बहुतेक सुटते.

इथल्या प्रेसिडेंट, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू, 2021 च्या जुलैपासून पॅट्रिशिया ऑकर होत्या. अमेरिकन साहित्याच्या अभ्यासक, मिसुरी विद्यापीठात डीन राहून आलेल्या. बायोडेटा अगदी आपल्या प्राध्यापक संघटनांना हवा तसा. 6 जानेवारी 2023 ला गव्हर्नर डिसँटिस यांनी विश्वस्त मंडळावर सहा नवे लोक नेमले. त्यातले एक, उजव्या विचारांचे कार्यकर्ते ख्रिस्तोफर रुफो, राहायला पार वॉशिंग्टन राज्यात. 31 जानेवारीला ऑकर यांना काढलं. 25 दिवसांत! कारण द्यावंच लागलं नाही, कारण करारातच 'विनाकारण' काढायची सोय होती. त्याच बैठकीत हंगामी प्रेसिडेंट म्हणून रिचर्ड कॉरकोरन यांचं नाव पुढे आलं. वकील, राज्य विधानसभेचे माजी सभापती, माजी शिक्षण आयुक्त. ऑकर यांचा मूळ पगार 3,05,000 डॉलर होता, कॉरकोरन यांचा 6,99,000. विद्यार्थी 700 धरले तर एका डोक्यामागे जवळपास 1,000 डॉलर. आपल्याकडे कुलगुरूला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिना 2,10,000 रुपये आणि वर 11,250 चा भत्ता, आणि त्यावरून लोक गाडी किती मोठी ते मोजत बसतात.

गंमत पुढेच आहे. फ्लोरिडाच्या कायद्यात प्रेसिडेंटला सरकारी तिजोरीतून वर्षाला 2,00,000 डॉलरपेक्षा जास्त देता येत नाही. उरलेले देणग्यांवर चालणाऱ्या फाउंडेशनने द्यायचे. म्हणजे कागदावर सरकारचे हात स्वच्छ.

आता यंत्र कसं चालतं ते बघा, म्हणजे 'नाक खुपसत नाही'चा निकाल लागेल. विश्वस्त मंडळात 13 माणसं. सहा थेट गव्हर्नरची. पाच बोर्ड ऑफ गव्हर्नर्सची, म्हणजे राज्यातली सगळी सरकारी विद्यापीठं ज्याच्या हाताखाली त्या मंडळाची. उरलेले दोन म्हणजे प्राध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. त्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्समध्ये 17 जण, त्यातले 14 पुन्हा गव्हर्नरचेच. विश्वस्तांच्या मुदती पाच-पाच वर्षांच्या आणि पुढेमागे संपणाऱ्या, म्हणून एका वेळी सगळं मंडळ बदलणार नाही अशी कल्पना. पण गव्हर्नर दुसऱ्यांदा निवडून आला आणि जागा एकदम रिकाम्या असल्या की सहा तिकडून, एक बोर्डाकडून, झाले सात. तेरात सात. मग कुलगुरू प्राध्यापक आहे की कारखानदार, ह्याला काही अर्थ उरत नाही.

आणि हे फक्त छोट्या कॉलेजात होतं असं समजू नका. 2025 च्या मे महिन्यात फ्लोरिडा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी सांता ओनो यांना एकमताने निवडलं. आठवड्याभरात बोर्ड ऑफ गव्हर्नर्सने 10 विरुद्ध 6 मतांनी नाकारलं. वैद्यकीय संशोधक, मिशिगन सोडून निघालेला माणूस, तो अधांतरी राहिला. 2022 पर्यंत सनशाइन लॉ ह्या सरकारी कारभार उघड ठेवायच्या कायद्यामुळे अर्जदारांची नावं लोकांसमोर यायची. आता शेवटच्या फेरीपर्यंत गुप्त, आणि शेवटच्या फेरीत बहुधा एकच नाव. आपल्या महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात शोध समितीने किमान पाच नावं, वर्णानुक्रमाने, पसंती न लावता कुलपतींकडे पाठवायची असतात. पाचातलं कुठलं नाव कुणी वर सरकवलं ह्यावर मुंबई-पुण्यात चहाच्या टपरीवर तरी चर्चा होते. इथे पब्लिक्स ह्या किराणा दुकानाच्या रांगेत कुणाला पाच नावं विचारून बघा.

न्यू कॉलेजचं पुढे काय झालं? कॉरकोरन यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. विधिमंडळाकडून त्यांनी 15 दशलक्ष डॉलर पटकन मिळवले, जे साहित्याच्या प्राध्यापिकेला जमणं कठीण होतं. 2023 च्या शरदात 300 च्या वर नवे विद्यार्थी आले. त्यांत बरेचसे खेळाडू, नुसत्या बेसबॉलसाठी 70 च्या आसपास. मैदान नव्हतं. वसतिगृहांत बुरशी निघाल्यामुळे मुलांची सोय विमानतळाजवळच्या हॉटेलांत करावी लागली. पण खरी मोडतोड आकड्यांत दिसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाच प्राध्यापकांना कायम करायचं नाकारलं, वर्षाच्या आत एक तृतीयांशाहून जास्त प्राध्यापक गेले. मोठ्या विद्यापीठात एवढे गेले तर तासिका तत्त्वावर माणसं आणून गाडा ओढता येतो. इथे एका विषयाला दोन-तीनच माणसं. दोघं गेली की विषयच संपला. ज्याच्या हाताखाली प्रबंध चालू होता तोच गेला, तर चौथ्या वर्षाच्या मुलाने करार कुणाशी करायचा? परिच्छेद लिहिणारा माणूस बदलला की आधीच्या तीन वर्षांची ओळख कागदातच राहते. गुण असते तर आकडे तरी पुढे गेले असते.

म्हणून 'बाहेरचा माणूस नको' हा आपला हट्टही अर्धवट वाटतो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पक्के राजकारणी आणि वकील. 1948 ते 1956 त्यांनी विद्यापीठ उभं केलं, आजही ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. त्यांना कुणी प्राध्यापक नाही म्हणून हिणवत नाही. माणूस कुठून आला ह्यापेक्षा त्याला कोण आणि किती दिवसांत काढू शकतं, हे विचारा. आपल्याकडे पाच वर्षं किंवा वयाची 65, जे आधी येईल ते, आणि दुसरी संधी नाही. काढायचं तर आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. मुंबईत 2017 मध्ये ऑनलाइन पेपरतपासणीने निकाल रखडवले, तेव्हा कुलगुरूंना घालवायलाही काही महिने गेले. तेव्हा आम्ही इकडून ओरडत होतो, इतका वेळ कशाला? आता तोच वेळ बरा वाटतो.

"लांब बसून बोलायला तुमचं काय जातं," हे ऐकू येतंय. खरंय. एक मात्र सांगायला हवं. 31 जानेवारीच्या त्या बैठकीत कुणालाही उठून बोलता येत होतं. विद्यार्थी बोलले, आईबाप बोलले. फ्लोरिडातल्या मराठी मंडळींना तोवर त्या कॉलेजचं नावही धड ठाऊक नव्हतं. आपली मुलं गेन्सव्हिलला, म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठात, इंजिनिअरिंगला जातात, आणि ज्या कॉलेजात गुणच नाहीत तिथे कोण पाठवणार? ज्यांना ठाऊक होतं तेही गप्प राहिले. कुणाचा व्हिसा, कुणाचं ग्रीन कार्ड अडकलेलं, कुणाला फक्त सवय नाही. ज्या राज्यात विक्रीकर भरतो तिथल्या कॉलेजबद्दल चकार शब्द नाही, आणि जे शहर वीस वर्षांपूर्वी सोडलं तिथल्या कुलगुरूबद्दल आमच्या ग्रुपवर रात्री एक वाजता तीन-तीन परिच्छेद.

बरं, तिकडे तरी काही केलं का? महाराष्ट्रात नोंदणीकृत पदवीधर विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) 10 जण निवडून देतात, त्यातल्या पाच जागा राखीव. असली गोष्ट इथे न्यू कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना मागूनही मिळणार नाही. मुंबईची ती निवडणूक रखडत रखडत, कोर्टाची पायरी चढून, सप्टेंबर 2024 मध्ये झाली. त्या मतदारयादीत आमच्या ह्या बडबड्या ग्रुपमधल्या किती जणांची नावं होती, ते कृपा करून विचारू नका.