‘मुलीला बॉटनी घेऊ द्यायची का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वनस्पतीशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि मुंबईच्या झेव्हियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडापाल्याच्या नमुन्यांचा संग्रह, यांवरचा माझा लेख वाचून तुमच्या बारावीतल्या मुलीने बॉटनीचा हट्ट धरला आहे, आणि असलं काही लिहिताना लोकांच्या पोरांच्या भवितव्याचा विचार करत जा, असं तुम्ही सुनावलं आहे. तुमचे आक्षेप तीन. झाडाचं नाव आता मोबाईल सांगतो. वनस्पतींचं वर्गीकरण करणारी मंडळी शोधनिबंध (पेपर) छापण्यापुरती नावं बदलत बसतात, शाळेत शिकलेलं बाभळीचं नावसुद्धा आता चालत नाही. आणि ब्लॅटर काय, सांतापाव काय, पाद्री होते, त्यांना घरभाडं नव्हतं.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात दम आहे. १९०६ साली हा संग्रह उभा करणारे ब्लॅटर स्विस, सांतापाव स्पॅनिश, दोघेही जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू. संसाराची चिंता नव्हती हे खरंच. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ साली पद्मश्री मिळाली, पण त्या वाटेने आज कोणी जाऊ शकत नाही. आजची वाट म्हणजे एमएस्सी, पीएचडी आणि तिशीच्या आसपास पहिली धड नोकरी. सर्वेक्षणात जागा मोजक्या. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं मी आमच्या स्टाफरूममध्ये रोज बघते. पर्यावरण अहवालांसाठी झाडांच्या याद्या करायचं काम मिळतं, तेही कंत्राटी. आयुर्वेदिक औषधांच्या कंपन्यांना कच्चा माल तपासायला जाणकार लागतो, तिथे त्यातल्या त्यात बरं. हे मुलीला जरूर सांगा. मूळ लेखात मी पैशाबद्दल लिहिलं नाही, कारण तो लेख त्यासाठी नव्हता.

मोबाईलचं म्हणाल तर गुलमोहर, बहावा, तामण तो झटकन ओळखतो, मीही वापरते. पण पावसाळ्यात बोरिवलीच्या जंगलात कडेला गुडघाभर गवत वाढतं, त्याचा फोटो काढून बघा. इस्किमम नावाचा गवतांचा एक गट आहे. त्यातल्या एका जातीत फुलोऱ्यातल्या बारक्या कणिशकाचं बाहेरचं तूस चिमट्याने सोडवून भिंगाखाली धरलं की त्यावर आडव्या ठसठशीत वळ्या दिसतात. ओळख त्या वळ्यांवर ठरते, आणि फोटोत त्या आल्याच नसतील तर ॲप बिचारं काय करणार? डीएनएवरून झाड ओळखण्याचंही तेच. २००९ साली वनस्पतींसाठी दोन जनुकांचे तुकडे प्रमाण म्हणून ठरले खरे, पण तुमच्या नमुन्याचा तुकडा ज्याच्याशी ताडून बघायचा, तो कुणीतरी आधी नीट ओळखलेल्या झाडाचाच असावा लागतो.

आता नावं बदलण्याचं. बाभळीवरचा तुमचा राग मला समजतो. अकेशिया या मोठ्या गटाची फोड झाली, तेव्हा नियमाप्रमाणे ते नाव आपल्या बाभळीच्या शाखेकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियातल्या जाती शेकड्यांनी जास्त, म्हणून २००५ साली व्हिएन्नाला वनस्पतीशास्त्रज्ञांच्या परिषदेत नाव तिकडे गेलं आणि २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया. त्यावर तेव्हा कडाक्याचं भांडण झालं आणि अजूनही काहीजण कुरकुरतात. मीही त्यातलीच.

पण सगळे बदल असे नसतात. सीतेच्या अशोकाला पूर्वी सराका इंडिका म्हणत. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने ते नाव दिलं होतं जावाकडच्या झाडाला, आपलं झाड वेगळं निघालं, म्हणून ते सराका असोका. अशोकारिष्टात साल जाते ती याची. बाजारात तिच्यात भेसळ होते ती सोसायट्यांच्या कुंपणाशी रांगेत लावलेल्या उंच, खोट्या अशोकाच्या सालीची. दोन्ही साली वाळल्या की भल्याभल्यांची गफलत होते. तिथे नुसतं ‘अशोक’ म्हणून भागत नाही. खात्री करायला ओळख पटलेला नमुना जवळ लागतो.

तो नमुना म्हणजे जाड कागदावर शिवलेली किंवा चिकटवलेली वाळकी फांदी. खाली उजवीकडे लेबल : कुठे मिळाली, कधी, कोणी तोडली, फुलाचा ताजा रंग कोणता, कारण वाळल्यावर रंग उडतो. नंतरच्या कुणाला ओळख पटली नाही, तर तो शेजारी छोटी चिठ्ठी डकवतो, त्यावर नवं नाव, स्वतःची सही आणि साल. जुनी चिठ्ठी काढायची नाही. एकेका कागदावर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या असतात. कुणाचं काय मत होतं आणि ते कधी बदललं, सगळं तिथेच, सहीनिशी. नुसते पेपर छापायला नावं बदलणारेही आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्यांनाही पुरावा म्हणून असा कागद ठेवावाच लागतो. पुढच्याने तो काढून बघितला की पितळ उघडं पडतं.

राहता राहिली तुमची लेक. तिला आत्ताच हो किंवा नाही म्हणू नका. येत्या पावसाळ्यात घराजवळची पंधरा-वीस रानटी रोपटी फुलासकट गोळा करू दे, रद्दीच्या पेपरात दाबू दे, रोज पेपर बदलू दे. मुंबईच्या दमटपणात एक दिवस आळस केला की बुरशी धरते. मग कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’मधली ओळखीची कोष्टकं (पान असं की तसं, फूल असं की तसं, करत नावापर्यंत नेणारी) लावून एकेक ओळखू दे. १९०१ ते १९०८ या काळातलं हे पुस्तक जुनाट आहे, वैताग आणतं, आणि त्यातली बरीच नावं आता बदललेली आहेत. गणपतीपर्यंत ती कंटाळली तर तुमचा प्रश्न मिटला. नाही कंटाळली तर इथेच कळवा. वर्गीकरणाचा विषय मुंबईत अजून मन लावून कुठे शिकवतात ते सांगेन, आणि पगाराबद्दल वर लिहिलेलं सगळं तिच्यापुढे पुन्हा एकदा बोलेन.