केमिस्ट्री म्हणजे फिजिक्सचं परिशिष्ट?

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. म्हणणं थोडक्यात असं: 'केमिस्ट्री हे स्वतंत्र शास्त्रच नाही, 1929 साली डिरॅकने ते सिद्ध केलं. आवर्तसारणी क्वांटम फिजिक्समधूनच निघते. रेणूंचं काय ते कॉम्प्युटर काढून देतो. तेव्हा फिजिक्स समजून घ्या, केमिस्ट्री पाठ करा.'

डिरॅक हा क्वांटम फिजिक्स, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांचं भौतिकशास्त्र, उभारणाऱ्यांपैकी एक. त्याने सिद्ध काहीच केलं नव्हतं, मत मांडलं होतं. सगळ्या रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत भौतिक नियम आता माहीत झालेत, असं तो म्हणाला खरा. पण त्याच वाक्याचा पुढचा भाग फॉरवर्डवाल्याने गिळलाय: ते नियम काटेकोर लावायला गेलं, तर समीकरणं सुटण्यापलीकडची निघतात. म्हणून अंदाजे उत्तर देणाऱ्या, कामाला येणाऱ्या पद्धती शोधा, असंही तो लगेच सांगतो.

आवर्तसारणीचं तर उलटंच आहे. मेंडेलीव्हने ती 1869 मध्ये मांडली, न सापडलेल्या मूलद्रव्यांना जागा सोडून. गॅलियम 1875 ला सापडलं, जर्मेनियम 1886 ला. इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा; क्वांटमचं तेव्हा बारसंही झालं नव्हतं. सारणी अशी का, याचं उत्तर पुढे फिजिक्सने बरंचसं दिलं, पण अणूत इलेक्ट्रॉन बसवताना अणूची रचना मांडणाऱ्या नील्स बोरची नजर मूलद्रव्यांच्या रासायनिक गुणांवरच होती.

खरी मजा तिसऱ्या मुद्द्यात आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या काही कमी नाहीत, तेव्हा मळीपासून निघणारं इथेनॉलच घेऊ. त्याच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. डायमिथाइल इथरमध्येही नेमकं हेच, इलेक्ट्रॉन दोन्हीकडे 26. पण इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळतं, तर इथर उणे 24 ला, म्हणजे सोलापुरात बाटली उघडली की वायूच. आता नुसती केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन मोजून श्रोडिंजरचं पूर्ण समीकरण (क्वांटम फिजिक्सचं मूळ समीकरण) लिहा. दोघांचं समीकरण एकच! कोण कुणाला जोडलंय, ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून गणित करणारे आधी केंद्रकं जागच्या जागी स्थिर धरतात (बॉर्न आणि ओपेनहायमर यांची 1927 ची युक्ती) आणि मग इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडतात. कॉम्प्युटर दोन्ही रचना शोधून देतो, हे मान्य. पण रेणूला ठरावीक आकार असतो, हे गृहीत धरल्यावरच. ते गृहीतक रसायनशास्त्राच्या घरचं, 1860 च्या दशकातल्या रचनासूत्रांपासूनचं (कोणता अणू कुणाला जोडलाय ते दाखवणारी सूत्रं).

याचा अर्थ रेणूंना फिजिक्सचे नियम लागू नाहीत, असा मुळीच नव्हे. सोनं पिवळं का दिसतं, याचं उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताशिवाय मिळत नाही. पण नियम पाळणं वेगळं आणि त्या नियमांतून सगळं आपोआप निघणं वेगळं. फॉरवर्डमध्ये या दोहोंची सरमिसळ आहे.

राहिला पाठांतराचा सल्ला. तो देणाऱ्याने एकदा एखाद्या सूत रंगवणाऱ्या युनिटमध्ये जावं. इंडिगो हा निळा रंग पाण्यात विरघळत नाही; कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून त्याचं क्षपण, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलटी क्रिया, केलं की टाकी पिवळट-हिरवी होते आणि रंग सुतात शिरतो. लडी वर उचलली की हवेतल्या ऑक्सिजनने ती डोळ्यांदेखत निळी होत जाते. हायड्रो कमी पडला तर रंग नीट विरघळत नाही, सुतावर डाग पडतात, घासलं की हाताला लागतो. हे का होतं ते पाठ करून कळत नाही, आणि श्रोडिंजरचं समीकरण सोडवत बसूनही ते टाकीपाशी कुणी ठरवत नाही.