पाणी कोण घालतंय?

कुंडीतल्या चिलटाला शत्रू म्हणावं असं त्याच्यात काहीच नाही. ते माणसाला चावत नाही, गुणगुणत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, धड उडताही येत नाही. पण तुम्ही जांभई द्यायला तोंड उघडलंत की नेमका हजर. टाळी वाजवून मारावं, तर बोटांच्या फटीतून निसटतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी चिलटांवर वाजवलेल्या टाळ्या साहेबांनी स्वतःच्या भाषणासाठी घेतल्या. त्यांचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. करणारही नाही.

फळांवर घोंघावणारी चिलटं वेगळी. ती व्हिनेगरच्या वाटीत आपणहून बुडतात. कुंडीवाल्यांनी आमच्या वाटीला फारशी दाद दिली नाही, घराला मात्र आंबूस वास लागला. मग पिवळी चिकट कार्डं आली. पिवळ्या रंगावर ही मंडळी भाळतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कार्डभर काळे ठिपके. नवरा रोज ठिपके मोजून स्कोअर जाहीर करू लागला. त्याचा उत्साह मावळेल म्हणून मी सांगितलं नाही, पण मोठं चिलट जगतं जेमतेम आठवडाभर, आणि तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभरावर अंडी घालू शकते. कार्डावर चिकटलेल्यांतले बरेच जण संसाराच्या जबाबदाऱ्या उरकून निवृत्त झालेले असणार!

खरा कारखाना मातीच्या वरच्या दोन इंचांत. तिथे काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या बुरशी, कुजका पाला आणि वेळ पडली तर झाडाची कोवळी मुळं खात असतात. मातीवर बटाट्याची चकती ठेवली की त्या तिच्याखाली जमतात. लेकाने हा प्रयोग केला, चकती उलटून सगळ्यांना दाखवली, आणि नंतर बरेच दिवस घरात बटाट्याकडे कोणी सरळ नजरेने पाहिलं नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. वरची माती चांगली वाळू द्यायची, मगच पाणी. कोरड्या मातीत अंडी-अळ्या तग धरत नाहीत. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे महिनाभर हा संयम पाळायचा. मी झारी कपाटात ठेवून कुलूप घातलं. तरी माती ओलीच!

चौकशी बसवली. नवऱ्याने कबूल केलं की पेल्यात उरलेलं पाणी तो कुंडीत ओततो, कारण पाणी वाया घालवणं त्याला पटत नाही. लेकाच्या शाळेच्या बाटलीचंही तेच. सासूबाईंना तर चौकशीच मान्य नव्हती. "झाडाला तहान लागली की मला कळतं," त्या म्हणाल्या. झाडाला तहान दिवसातून तीनदा लागत होती.

मग मी कुंड्या पाण्याच्या ताटलीत बसवू लागले. माती खालून पाणी ओढते आणि वरचा थर कोरडा राहतो. "पायाशी एवढं पाणी, आणि वर बिचारी कोरडीच!" असं म्हणत सासूबाईंनी वरूनही घातलं.

शेवटी जिवाणू आणला. नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. १९७६ साली तो इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्यांचा काळ, माणसांना निरुपद्रवी. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्याची वाट लागते. वाळवंटातून आला म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली होती, पण पुडीवरच्या सूचनेत लिहिलं होतं, पाण्यात कालवून घालावे. झालं! चोरून चालणारं काम आता औषधोपचार म्हणून उजळ माथ्याने सुरू झालं. "औषधच आहे, थोडं जास्त घातलं म्हणून काय बिघडतं?" असं म्हणत तिघांनी तीन पेले कुंडीत ओतले. अळ्या खरंच घटल्या. पण माती इतकी ओली की ज्या वाचल्या, त्यांची ददात मिटली.

म्हणून आता मनीप्लांटची फांदी कापून काचेच्या बाटलीत, नुसत्या पाण्यात लावली आहे. मातीच नाही, तर अंडी घालणार कुठे? पाणी घालायचं तर घाला बापडे, कितीही घाला. मी निर्धास्त झाले. काल पाहते तर बाटलीतलं पाणी गढूळ.

"नुसत्या पाण्यावर कसं जगेल गं ते?" सासूबाई म्हणाल्या. "चमचाभर माती घातली मी, कुंडीतली."