चावीचा सेल, दहा मिनिटांचा रीसेट आणि इमोबिलायझरबद्दलचा तो व्हायरल मेसेज

"गाडी अचानक स्टार्ट होईना? इमोबिलायझर लॉक झालाय, मेकॅनिक बोलवू नका" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (इमोबिलायझर म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी, चोरी रोखणारी यंत्रणा.) त्यात उपाय दिलेत ते असे: चावीचा सेल बदला, बॅटरीची वायर काढून ठेवा, चावी दहा मिनिटं ऑन ठेवा, मोबाईलजवळ चावी ठेवू नका नाहीतर चिप कोरी होते, आणि तरी त्रास होत असेल तर इमोबिलायझर काढूनच टाका, तसाही तो चोराला थांबवत नाही. लिहिणाऱ्याने चावीतला रिमोट, चावीतली चिप आणि गाडीची बॅटरी या तीन गोष्टींची खिचडी केलीय.

पहिलं, सेल. बटण दाबून दरवाजे उघडणारा जो रिमोट असतो ना त्याला सेल लागतो, इमोबिलायझरच्या चिपला नाही लागत. इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते, चावी ऑन केली की ती साधारण 125 किलोहर्ट्झचं फील्ड सोडते, त्यातूनच चिपला पॉवर मिळते आणि ती उत्तर देते, ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, पटलं तर इंजिन चालू राहतं. म्हणजे खोचून फिरवायच्या चावीचा सेल पार मेला तरी गाडी स्टार्ट व्हायलाच पाहिजे. पुश बटणवाल्या गाडीत सेल संपला तर 'चावी सापडत नाही' असं मीटरवर येतं हे खरं, पण त्यासाठीही कंपनीने सोय ठेवलेली असते, चावी स्टार्ट बटणाला टेकवायची किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी ठेवायची, आणि दरवाज्यासाठी चावीच्या पोटात साधी धातूची चावी असते. उलट या मेसेजमुळे चावी उघडणाऱ्यांचाच घोटाळा होतो, कारण बऱ्याच चाव्यांत चिप म्हणजे एक सुटा बारका तुकडा असतो, तो उघडताना पडतो, नाहीतर नवीन कव्हर घातलं की जुन्या कव्हरमध्येच राहतो, आणि मग खरंच गाडी स्टार्ट होत नाही!

त्यापेक्षा आधी लक्षणं बघा की. सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक, दिवे मंद, तर बॅटरी. सेल्फ नीट घेते, पण इंजिन पकडत नाही किंवा एक-दोन सेकंद चालून बंद पडते आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय, तर संशय इमोबिलायझरवर (काही गाड्या मात्र सेल्फच मारू देत नाहीत). मग दुसरी चावी लावा. तिने चालू झाली तर पहिल्या चावीत दोष, तिनेही नाही झाली तर कॉइल, तिचा कनेक्टर, वायरिंग असं बघत जायचं. आणि हो, एकाच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती आधी काढा, कॉइलला दोन्हीकडून उत्तर आलं की गोंधळ होऊ शकतो.

बॅटरीची वायर काढल्याने इमोबिलायझर काही विसरत नाही, चाव्यांचे कोड अशा मेमरीत असतात की करंट गेला तरी पुसले जात नाहीत, नाहीतर चोरांनी पहिलं तेच केलं असतं. मग "माझी चालू झाली ना" म्हणणारे खोटं बोलतात का, तर नाही. टर्मिनल सैल होतं किंवा त्यावर पांढरी बुरशी आलेली होती, ते काढून पुसून घट्ट बसवलं, व्होल्टेज नीट मिळालं, गाडी चालू. बॅटरीच उतरलेली असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं की कंट्रोल युनिट रीसेट होतं आणि बाहेरून ते इमोबिलायझरसारखंच दिसतं.

दहा मिनिटांची गोष्ट हवेतून नाही आली. जनरल मोटर्सच्या पासलॉक नावाची चोरीविरोधी यंत्रणा असलेल्या जुन्या गाड्यांत अशी रीलर्न, म्हणजे कोड पुन्हा शिकवायची, प्रोसेस खरंच होती, पण त्यात चावीत चिप नव्हतीच, लॉकमधल्या सेन्सरचा मामला होता. ते उचलून सगळ्या गाड्यांना लावलं, आणि आधीच कमजोर बॅटरी असेल तर दहा मिनिटं ऑन ठेवून ती अजून उतरणार, दुसरं काय.

मोबाईलचं म्हणाल तर 2007 मध्ये निसानने अमेरिकेत त्यांच्या काही मॉडेल्सच्या स्मार्ट कीबद्दल (पुश बटणवाल्या गाडीची, खिशात ठेवायची चावी) इशारा दिला होता की मोबाईलला चिकटून ठेवली तर तिचा कोड बिघडू शकतो. तो त्या ठराविक कीचा दोष. बाकी चुंबकाने वगैरे चिप कोरी होत नाही, ती जुन्या कॅसेटसारखी चुंबकीय पट्टी नाहीये.

आता शेवटचा सल्ला, आणि हाच सगळ्यात वाईट. रिले, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र, लावून स्मार्ट कीच्या गाड्या चोरतात हे खरं, पण तिथे चोर चावीचा सिग्नल लांबून ओढून आणतो, इमोबिलायझरला खरी चावीच दिसते. इमोबिलायझरच नसला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं: 2015 च्या मॉडेल्समध्ये बाकी कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांत इमोबिलायझर स्टँडर्ड होता, ह्युंदाई-किआच्या फक्त 26 टक्के, आणि 2021-22 च्या सुमारास पोरं लॉक तोडून यूएसबी केबलच्या टोकाने त्याच गाड्या चालू करून न्यायला लागली. 2023 मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअर अपडेट काढावं लागलं, त्यात अलार्म जास्त वेळ वाजतो आणि चावी इग्निशनमध्ये असल्याशिवाय गाडी चालू होत नाही.