बारा खुर्च्या चार वर्षं रिकाम्या होत्या, कुणाचं काय अडलं?

विधान परिषद म्हणजे पांढरा हत्ती, बंद करून टाका, असं परवा सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना एक मित्र तावातावानं म्हणाला. मला ते सरसकट पटत नाही. वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. त्यांच्या डोक्यातून रोजगार हमी आली आणि 1972 च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडची माणसं त्या कामांवर तगली. आमच्या आजीच्या पिढीला विचारा, दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव अजून सांगतील. असा एक माणूस मिळाला तर सभागृहाचा खर्च कधीच फिटला.

माझा राग आहे तो राज्यपाल नेमतात त्या बारा जागांवर. 78 पैकी 12. घटनेत लिहिलंय: साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतले जाणकार. कवी ना. धों. महानोर असेच गेले होते आणि सभागृहात शेती-पाण्यावर बोलले. आता? जून 2020 ला बाराही जागा रिकाम्या झाल्या. मंत्रिमंडळानं नोव्हेंबरमध्ये नावं पाठवली, राजभवनानं फाईल दाबून ठेवली, हायकोर्टानं कान टोचले तरी हललं नाही. शेवटी ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, सात जण घाईघाईनं भरले. एक माजी खासदार, एका मंत्र्यांचे माजी आमदार चिरंजीव, बाकी बहुतेक पक्षाचे पदाधिकारी. साहित्य-विज्ञान कुठंय, दुर्बीण लावून शोधा.

या चार वर्षांत कुणाचं काही अडलं का? मला तरी आठवत नाही. मग पगार, भत्ते आणि पुढं महिन्याला 50 हजारांपासून सुरू होणारी जन्मभराची पेन्शन कशासाठी?

आता आपल्या सोलापूरचं बघा. माकपच्या नरसय्या आडम मास्तरांनी शहराजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी केली, पुढं रे नगर ही कामगारांची वसाहत. मी त्यांच्या पक्षाचा नाही, कधी मतही दिलं नाही. ते तीनदा आमदार झाले आणि कितीतरी वेळा पडले. विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर घर चढवायला कुठली कागदं लागतात, बँक कुठं अडवते, हे ज्याला पाठ आहे असा माणूस निवडणुकीत पडतो, त्याच्यासाठीच ही बारा जागांची सोय आहे ना? आणि सहकारातला जाणकार म्हटलं की आपल्या जिल्ह्यात कारखान्याचा चेअरमनच पुढं येणार, यंत्रमागवाला नाही.

अशीच भरायची असतील तर त्या बारा जागा काढून टाका. परिषदेची रचना संसदेला साध्या कायद्यानं बदलता येते. सगळी परिषदच नको असेल तर विधानसभेनं दोन तृतीयांश मतांनी ठराव करून दिल्लीला पाठवायचा. तमिळनाडूची 1986 ला अशीच गेली. पण आपल्याकडं तो ठराव मांडणार कोण? तिकीट कापलेल्याला ‘तुला परिषदेवर घेतो, अर्ज मागं घे’ असं सांगूनच तर प्रत्येक पक्ष बंड थंड करतो.